प्रागमध्ये बिअर आणि रात्र: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

प्रागला गेलेली अनेक मंडळी दिवसभर किल्ला, चार्ल्स ब्रिज आणि १४१० सालचं खगोलीय घड्याळ पाहतात, आणि पाय दुखायला लागले की त्याच चौकातल्या पहिल्या मोठ्या छत्रीखाली बसतात. तिथे बिअर सर्वांत महाग मिळते आणि शेजारच्या टेबलावर कोणी प्रागकर नसतो. या शहराची खरी संध्याकाळ होस्पोदात असते. होस्पोदा म्हणजे गल्लीतलं बिअरचं ठिकाण: लांब लाकडी टेबलं, नळाला एक-दोनच बिअर, मोजकं खाणं, आणि वर्षानुवर्षं त्याच खुर्चीवर येऊन बसणारी माणसं. तिथले नियम कुठे लिहिलेले नसतात. ते माहीत नसले की वेटर उर्मट वाटतो, बिल फुगलेलं वाटतं आणि माणूस पुन्हा चौकात जाऊन बसतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिलं आहे.

१. निघण्यापूर्वी: सोबत काय हवं

- मूळ पासपोर्ट. पोलिसांनी विचारलं तर परदेशी माणसाला ओळख पटवावी लागते. दारू पिण्याचं वय १८ आहे, आणि तरुण दिसणाऱ्यांना काउंटरवर वयाचा पुरावा मागतात. पासपोर्ट आतल्या चेनच्या खिशात ठेवा, जॅकेट खुर्चीला अडकवून त्यात नको.
- रोख कोरुना, शंभर-दोनशे-पाचशेच्या नोटांत. चेकिया युरोपियन युनियनमध्ये असला तरी चलन कोरुनाच आहे. काही ठिकाणी युरो घेतात, पण दर त्यांचा असतो. एक कोरुना म्हणजे साधारण चार रुपये.
- आंतरराष्ट्रीय वापर सुरू केलेलं कार्ड. भारतीय कार्डावर हा वापर बँकेच्या ॲपमधून आपणच सुरू करावा लागतो.
- फोनवर ‘पीआयडी लीताच्का’ हे तिकिटांचं ॲप आणि बोल्ट किंवा उबर. त्यांत कार्डाची नोंद भारतातूनच करून ठेवा. ओटीपी भारतीय नंबरावर येतो, आणि रात्री एक वाजता रोमिंग बंद असलेल्या फोनवर तो येत नाही. हे एवढ्यासाठी सांगतो की टॅक्सीच्या ठगांच्या हाती लागणारे बरेच जण इथेच अडकलेले असतात.
- पातळ जॅकेट, अगदी जुलैतही. व्ल्तावा नदीच्या काठावर रात्री गारठा येतो.

कपड्यांचे नियम होस्पोदात नाहीत. क्लबांतही फारसे नाहीत.

२. पैसे बदलताना

इथे दोन सापळे आहेत.

पहिला मनी चेंजरचा. ‘कमिशन शून्य’ अशी पाटी असते, पण दरच इतका वाईट असतो की वेगळं कमिशन घ्यायची गरज उरत नाही. पैसे देण्याआधी ‘माझ्या शंभर युरोंचे हातात किती कोरुना येतील’ हा एकच आकडा लिहून मागा आणि फोनवरच्या दराशी ताडून पाहा. तरी फसलात तर पावती सांभाळून ठेवा: एप्रिल २०१९पासूनच्या कायद्यानुसार, एक हजार युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच ठिकाणी जाऊन रद्द करता येतो. रस्त्यात गाठून चांगला दर देतो म्हणणाऱ्याकडून कधीही नोटा घेऊ नका. तो कोरुनाच्या नावाखाली दुसऱ्याच देशाच्या, बहुधा बाद झालेल्या नोटा देतो, आणि त्याच्याकडे पावती नसते.

दुसरा सापळा एटीएमचा. पर्यटकांच्या रस्त्यांवर बँकेची नसलेली यंत्रं ओळीने उभी आहेत. ती पडद्यावर ‘रुपयांत रक्कम निश्चित करू का?’ असं विचारतात. उत्तर नेहमी नाही. ‘रूपांतराशिवाय’ हा पर्याय निवडा, म्हणजे दर तुमच्या कार्डाचा लागेल. शक्यतो चेस्का स्पोर्झितेल्ना किंवा कोमेर्च्नी बांका यांसारख्या बँकांचं, शाखेच्या भिंतीतलं यंत्र वापरा. कार्ड मशीनवर बिल भरतानाही हाच प्रश्न येतो आणि उत्तरही हेच.

३. बिअर समजून घ्या, मग मागा

फळ्यावर बिअरच्या नावापुढे १०, ११, १२ असे अंश लिहिलेले असतात. ते अल्कोहोलचे टक्के नव्हेत. आंबवण्यापूर्वी रसात माल्टची साखर किती होती, त्याचं ते माप आहे. दहा अंशांच्या बिअरमध्ये अल्कोहोल साधारण ४ टक्के, बाराच्या बिअरमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास. पिल्झेन शहरात १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूमास्टरने पहिल्यांदा बनवलेली सोनेरी बिअर, म्हणजे आजची पिल्सनर उर्क्वेल, ४.४ टक्के आहे. बुद्वारची प्रसिद्ध बिअर ५ टक्के.

आकडे लहान वाटतात, पण ग्लास अर्ध्या लिटरचा असतो. हिशेब असा: ५ टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे १३. म्हणजे एक ग्लास जवळपास दोन छोटे पेग. चार ग्लास पिऊन उठताना पाय का डगमगतात, ते यावरून कळेल. आणि ही बिअर इतकी सहज उतरते की चौथा ग्लास कधी आला ते समजत नाही.

आता फेस. भारतात ग्लासात फेस दिसला की ‘बिअर कमी भरली’ म्हणून आपण तक्रार करतो. इथे ती तक्रार करू नका. तीन बोटं दाट, ओला फेस हा बिअरचा भागच आहे: तो हवेपासून तिला वाचवतो आणि कडूपणा मऊ करतो. ग्लासावर ०.५ ची रेघ असते, बिअर तिथपर्यंत यायला हवी, एवढंच पाहा. ओतण्याच्या पद्धतींची नावं लक्षात ठेवा, कारण चांगल्या ठिकाणी ती मागता येतात:

- ह्लादिन्का: नेहमीची. काही सांगितलं नाही तर हीच येते.
- श्नित: मोठ्याच ग्लासात, पण बिअर कमी आणि फेस जास्त. एक आणखी हवी, पण पूर्ण झेपणार नाही, तेव्हा ही मागावी.
- म्लीको: जवळजवळ पूर्ण ग्लास गोडसर, दुधासारखा फेस. फेस बसण्याआधी घटाघट संपवायची असते. फोटो काढत बसलात तर हातात फेसाचं पाणी उरतं.

आणखी एक शब्द पाटीवर शोधा: तांकोवे पिवो, टाकीतली बिअर. ब्रूअरीतून पाश्चराइझ न केलेली बिअर थेट तळघरातल्या पाचशे किंवा हजार लिटरच्या टाक्यांत येते. टाकीत आत पिशवी असते. हवेचा दाब पिशवीच्या बाहेरून पडतो, त्यामुळे बिअरला बाहेरची हवा लागतच नाही. टाकी उघडली की ती काही दिवसांत संपवावी लागते. म्हणूनच प्रागमध्ये गर्दीची जागा निवडणं शहाणपणाचं: जिथे टाकी पटापट रिकामी होते तिथली बिअर ताजी. रिकाम्या हॉटेलात वीस नळ दिसले तर त्यातले अर्धे शिळे असण्याची शक्यता धरा.

४. कुठे बसायचं

स्तारे म्येस्तो, म्हणजे जुनं शहर, टाळायचं नाही. चौक टाळायचा. तिथून दोन गल्ल्या आत गेलात की भाव उतरतो आणि बिअर सुधारते. साध्या चांगल्या ठिकाणी अर्धा लिटर साधारण ६० ते ७५ कोरुनांना मिळते. चौकाच्या कडेला त्याचे दुप्पट मोजावे लागू शकतात.

ऊ झ्लातेहो तिग्रा (सोनेरी वाघ), हुसोवा रस्ता. फक्त पिल्सनर, आणि शहरातल्या उत्तम पिल्सनरांपैकी एक. जानेवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हात्स्लाव हावेल यांनी बिल क्लिंटन यांना इथे आणलं होतं. दुपारी तीनला दार उघडतं, त्याआधीच बाहेर रांग लागलेली असते. बहुतेक टेबलं नेहमीच्या गिऱ्हाइकांची. नवख्याने तीनच्या आधी पंधरा-वीस मिनिटं रांगेत राहावं, एकटं किंवा दोघंच जावं, आणि ‘या टेबलावर पाचपर्यंत बसा’ असं सांगितलं तर पाचला उठावं. सहा जणांचा घोळका घेऊन संध्याकाळी सातला गेलात तर दारातून परत यावं लागेल.

ऊ पिंकासू, युंगमानोवो चौकाजवळ. याकुब पिंकास या शिंप्याने १८४३ मध्ये पिल्झेनहून पिंपं आणवली आणि प्रागमध्ये पिल्सनर पहिल्यांदा इथे मिळू लागली. आज बरेच पर्यटक असतात, पण जागा मोठी आहे, जेवण धड मिळतं आणि मागे गॉथिक चर्चच्या भिंतीलगत बसायला अंगण आहे. पहिल्या संध्याकाळी कुटुंबासह जायला मी हेच सुचवेन.

लोकाल, द्लोउहा रस्ता. लांबच लांब बोगद्यासारखं दालन, टाकीतली पिल्सनर, वर सांगितलेले सगळे प्रकार ओतून मिळतात. श्नित आणि म्लीको चाखायचे ते इथेच. संध्याकाळी सहानंतर आरक्षणाशिवाय जागा कठीण.

ऊ फ्लेकू, क्र्झेमेन्त्सोवा रस्ता. १४९९पासून इथे बिअर गाळली जाते. १३ अंशांची गडद लागर, ०.४ लिटरच्या ग्लासात. दालनं बघण्यासारखी, अॅकॉर्डियन वाजत असतो. इतिहासासाठी एक ग्लास जरूर घ्या, अख्खी संध्याकाळ मात्र इथे घालवू नका. तुमच्या आजूबाजूला बसगाड्यांतून आलेले गट असतील.

ऊ मेद्वीद्कू, ना पेर्श्तिन्ये रस्ता. पिल्सनर सोडून बुद्वार प्यायची असेल तर इथे या. आत स्वतःची छोटी ब्रूअरीही आहे.

किल्ल्याच्या बाजूला दोन ठिकाणं लक्षात ठेवा. लोरेता या तीर्थस्थानापाशी ऊ चेर्नेहो वोला (काळा बैल): किल्ला पाहून झाल्यावर दुपारी टेकायला याहून चांगली जागा त्या टेकडीवर नाही. खाली माला स्त्राना या भागात थुनोव्स्का गल्लीत ऊ ह्रोखा (पाणघोडा): लहान, गजबजलेलं, स्थानिकांचं. स्त्राहोव मठाच्या आवारातली ब्रूअरी मात्र भावाने पर्यटकांची आहे. तिची अंबर बिअर चांगली असते, पण एक पुरे.

मोकळ्या हवेत बसायचं तर लेत्ना टेकडीवरचं बिअर गार्डन. चेस्टनटच्या झाडांखाली बाकं, समोर व्ल्तावा आणि तिच्यावरचे पूल. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा आठला पोहोचा. इथे वेटर नसतो, खिडकीवर रांग लावायची. प्लास्टिकच्या ग्लासासाठी साधारण ५० कोरुना अनामत घेतात. ग्लास परत दिला की मिळते. नाप्लाव्का हा नदीचा दगडी काठ उन्हाळ्यात तरुणांनी भरलेला असतो. बोटींवरचे बार आणि काठातल्या कमानींमधली छोटी ठिकाणं एकापाठोपाठ एक आहेत.

पर्यटकांपासून दूर जायचं असेल तर ट्राममध्ये बसा. झिश्कोव हा जुना कामगारवस्तीचा भाग, टेकडीच्या उतारावर, आणि तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर होस्पोदा आहेत. नाव शोधत बसू नका. आत डोकावा: टेबलांवर पेन्सिलच्या रेघांच्या चिठ्ठ्या दिसल्या आणि मेनू फक्त चेकमध्ये असला तर बसा. शेजारच्या विनोह्रादीत वाइन चांगली मिळते. तिथल्या ग्रेबोव्का बागेत खरोखरचा द्राक्षमळा आहे आणि मळ्याच्या माथ्यावर लाकडी मंडपात बसून मोराव्हिया या चेकियातल्याच प्रांताची वाइन पिता येते. सप्टेंबरात गेलात तर बुर्चाक मागा, म्हणजे आंबण्याच्या मधल्या टप्प्यातला द्राक्षरस. कायद्याने तो १ ऑगस्ट ते ३० नोव्हेंबर एवढाच विकता येतो. चवीला गोड सरबतासारखा लागतो, पोटात गेल्यावर आंबत राहतो. दोन लहान ग्लासांवर थांबा.

५. आत शिरल्यावर

१. दारातच ‘दोब्री देन’ म्हणा, संध्याकाळी ‘दोब्री वेचेर’. न बोलता आत घुसून टेबल पकडणं इथे उद्धट समजतात.

२. टेबलावर ‘रेझेर्वे’ची पाटी असेल तर तिथे बसू नका, टेबल रिकामं दिसलं तरी. अर्ध्या भरलेल्या टेबलापाशी जाऊन ‘ये तू वोल्नो?’ (इथे जागा आहे का?) विचारा. अनोळखी माणसांच्या टेबलावर बसणं अगदी नेहमीचं आहे.

३. वेटर समोर कागदी चकती ठेवेल. ती ठेवली म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलं. त्याला ‘बॉस’ म्हणून हाक मारू नका, चुटकी वाजवू नका, हात हलवू नका. तो येतो.

४. ‘येद्नो पिवो, प्रोसीम’: एक बिअर. ‘द्व्ये पिवा’: दोन. बोटांनी दाखवणार असाल तर अंगठ्यापासून मोजा. एकासाठी अंगठा, दोनसाठी अंगठा आणि तर्जनी.

५. ग्लास आल्यावर ‘ना झ्द्रावी’ म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा. एकमेकांच्या हातांवरून हात ओलांडून ग्लास भिडवू नका. आधीच्या ग्लासातला तळ नव्या ग्लासात ओतू नका. शेजारचा प्रागकर कळवळेल.

६. वेटर एका चिठ्ठीवर प्रत्येक ग्लासाची पेन्सिलने रेघ ओढतो. ही लीस्तेक म्हणजे तुमचं बिल. हरवू नका, भिजवू नका, तिच्यावर हिशेब लिहू नका.

७. सगळ्यात महत्त्वाचं: ग्लास तळाला गेला की बऱ्याच ठिकाणी पुढचा न विचारता येतो. ती फसवणूक नाही, रीत आहे. थांबायचं असेल तर चकती ग्लासावर ठेवा किंवा ‘ने, द्येकुयि’ म्हणा. इंग्रजीतलं ‘नो’ वापरू नका. चेकमध्ये ‘अनो’ म्हणजे होय, आणि बोलताना त्याचं नुसतं ‘नो’ होतं.

३१ मे २०१७पासून आत धूम्रपानाला बंदी आहे. ओढणारे बाहेर जातात. रात्री दहानंतर बाहेर उभं राहून मोठ्याने बोलू नका, वर माणसं झोपलेली असतात आणि तक्रार झाली तर त्रास होस्पोदाला होतो.

पीत नसलात तरी होस्पोदात बसता येतं. कोफोला हे १९६०च्या सुमारास निघालेलं वनस्पतींच्या चवीचं कोला पेय अनेक ठिकाणी नळातून मिळतं. बिरेल ही बिनअल्कोहोलची बिअर. पाणी मागताना ‘नेपेर्लिवा’ म्हणा, नाहीतर सोडा येईल. आणि त्याचेही पैसे पडतील.

६. सोबत काय खावं, काय टाळावं

रिकाम्या पोटी बसू नका, आणि जेवण आधी मागा: बिअर उशिरापर्यंत मिळत असली तरी स्वयंपाकघर साडेनऊ-दहालाच बंद होतं.

शाकाहारी असाल तर हे मागा: नाक्लादानी हेर्मेलीन (तेल, कांदा, लसूण, मिरीत मुरवलेलं मऊ चीज, बिअरसोबत याला तोड नाही), पिवनी सीर (कांदा-मोहरीत कालवायचं उग्र चीज, पावावर), स्माझेनी सीर (तळलेलं चीज, बटाट्यांसोबत, बरोबरच्या टार्टर सॉसमध्ये अंडं असतं). ब्राम्बोराक हे लसूण आणि मार्जोरम घातलेलं बटाट्याचं धिरडं, पण ते काही ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात, ‘साद्लो?’ असं विचारून घ्या. ‘बेझ मासा’ म्हणजे मांस नको. सूपमध्ये तुकडे नसले तरी पाणी बहुधा हाडांचं असतं.

मांस खाणाऱ्यांपैकी काहींना गोमांस चालत नाही, काहींना डुकराचं. होव्येझी म्हणजे गाय-बैल, वेपर्झोवे म्हणजे डुक्कर, कुर्झेत्सी म्हणजे कोंबडी. गुलाश बहुतेक वेळा होव्येझी. स्वीच्कोवा, हा क्रीम सॉसमधला प्रसिद्ध पदार्थ, तोही होव्येझी. ताताराक तर कच्चं होव्येझी. उतोपेनेत्स म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरलेलं डुकराचं सॉसेज, त्लाचेन्का हे दाबून थापलेलं मांस, तेही डुकराचंच.

कडक दारूबद्दल दोन गोष्टी. इथला शॉट बहुधा ०.०४ लिटरचा, म्हणजे आपल्या छोट्या पेगपेक्षा मोठा. बेखेरोव्का (कार्लोव्ही वारीची वनौषधींची, ३८ टक्के) जेवणानंतर एक चांगली लागते. स्लिवोवित्से ही आलुबुखाऱ्याची, बहुधा ५० टक्के. दुकानाच्या काचेतली हिरवी ॲबसिंथ आणि तिच्यावर साखर पेटवण्याचा खेळ नव्वदच्या दशकात पर्यटकांसाठी रुजला, ती जुनी प्रथा नाही. आणि लेबल नसलेल्या बाटलीतलं काहीही पिऊ नका: सप्टेंबर २०१२ मध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने या देशात अनेकांचा जीव गेला होता.

७. बिल देताना

‘झाप्लातीम, प्रोसीम’ म्हटलं की वेटर रेघा मोजतो. तुम्हीही मोजा. पर्यटकांच्या ठिकाणी ट्रेमध्ये भरलेले शॉट घेऊन फिरणारे वेटर ते हसत टेबलावर ठेवतात. ते फुकट नसतात. टेबलावर आधीच ठेवलेला पाव आणि प्रेट्झेल यांचेही नगावर पैसे लागतात. नको असेल तर लगेच परत द्या. भाव छापलेला नसेल तिथे मागवण्याआधी विचारा.

टिप साधारण दहा टक्के, किंवा जवळच्या पूर्ण आकड्यापर्यंत. २७० झाले तर ३०० द्या. पैसे टेबलावर ठेवून निघायचं नाही. वेटरला एकूण आकडा सांगायचा. कार्ड असेल तर मशीनला लावण्याआधी सांगा, नंतर वाढवता येत नाही. काही जुनी ठिकाणं फक्त रोख घेतात, म्हणून बसतानाच विचारून ठेवा.

८. दहानंतर: संगीत आणि क्लब

होस्पोदा अकरा-बाराला आवरतात. पुढे जायचं असेल तर काय ऐकायचं ते आधी ठरवा.

जॅझ या शहरात मुरलेलं आहे. नारोद्नी रस्त्यावरचा रेदुता हा पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासूनचा क्लब. क्लिंटन यांनी त्याच १९९४च्या भेटीत इथे सॅक्सोफोन वाजवला. स्मीखोवच्या काठावर पाण्याला लागून असलेला जॅझ डॉक अधिक नवा, आणि मला तो जास्त आवडतो: आवाज स्वच्छ, काचेबाहेर नदी. तिकीट आधी ऑनलाइन घ्या.

नाचायचं असेल तर वोदिच्कोवा रस्त्यावरच्या लुत्सेर्ना इमारतीतला लुत्सेर्ना म्युझिक बार. शुक्रवार-शनिवारी ऐंशी-नव्वदच्या दशकांतली गाणी लावतात. होलेशोवित्सेतला क्रॉस क्लब यंत्रांच्या सुट्या भागांनी बनवलेला आहे, चाकं, दांडे, दिवे सगळं फिरतं. इलेक्ट्रॉनिक संगीत आवडत नसलं तरी एकदा आत जाऊन या. झिश्कोवचं पालात्स आक्रोपोलिस गंभीर संगीतप्रेमींसाठी. चार्ल्स ब्रिजजवळचा पाच मजली क्लब मात्र जवळजवळ पूर्ण पर्यटकांचा आहे. शांत कॉकटेल हवं असेल तर कारोलिनी स्व्येत्ले रस्त्यावरचा हेमिंग्वे बार, आरक्षण करूनच.

गाइडने टोळी करून रात्रभर बार फिरवण्याचे ‘पब क्रॉल’ आता विसरा. महापालिकेने २०२४ मध्ये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ते बंद केले.

वेन्सेस्लास चौकात रात्री कोणी जवळ येऊन क्लबात फुकट प्रवेश, मुली किंवा अमली पदार्थ देऊ करेल. थांबू नका, उत्तरही देऊ नका. अशा क्लबांत बिलाचा आकडा बाहेर पडताना कळतो आणि दारात धिप्पाड माणसं उभी असतात.

रस्त्यात बाटली घेऊन फिरणंही टाळा. मध्यवर्ती भागात अनेक सार्वजनिक जागांवर पिण्याला बंदी आहे, शाळा आणि मेट्रो स्थानकांच्या आसपास विशेषतः, आणि दंड जागेवर होतो. होस्पोदाच्या किंवा बिअर गार्डनच्या हद्दीतच प्या.

९. परत येताना

मेट्रो साधारण मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवार-शनिवारी एकच्या सुमारापर्यंत. त्यानंतर ९१ ते ९९ क्रमांकाच्या रात्रीच्या ट्राम. त्या सगळ्या लाझार्स्का थांब्यावर एकमेकींना भेटतात, त्यामुळे कुठूनही लाझार्स्काला पोहोचलात की तुमच्या भागाची ट्राम मिळते. बहुतेक अर्ध्या तासाने असतात. संध्याकाळीच ॲपमध्ये तुमची वेळ पाहून ठेवा.

तिकीट ३० किंवा ९० मिनिटांचं. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात एकदाच ठसा मारून घ्या. ठशाशिवाय ते विनातिकीटच. ॲपमधलं तिकीट सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, तेव्हा चढण्याआधी सुरू करा. ट्राममधल्या यंत्रावर कार्ड लावून घेतलेल्या तिकिटाला ठसा लागत नाही. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि ‘मी पर्यटक आहे’ हे कारण त्यांना चालत नाही.

टॅक्सी नेहमी ॲपवरूनच. चौकात थांबलेल्या गाडीत बसू नका. गाडी भाड्याने घेतली असेल तर लक्षात ठेवा: चालकासाठी अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे, एका बिअरचीही सूट नाही. रात्री उशिरापर्यंत प्यायलात तर सकाळीही चालवू नका.

१०. काही बिघडलं तर

रुग्णवाहिका १५५, पोलीस १५८, आणि इंग्रजीत बोलायचं असेल तर ११२. सोबतचा माणूस शुद्धीवर नसेल तर त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका आणि फोन करा. भर रस्त्यात बेशुद्ध पडलेल्याला शुद्धीवर येईपर्यंत ठेवण्याचं सरकारी केंद्र असतं. त्याचा खर्च नंतर त्याच्याकडूनच घेतात. प्रवास विमा दारूमुळे झालेला अपघात बहुधा भरत नाही. निघण्याआधी पॉलिसीतलं ते कलम वाचा.

पाकीट किंवा पासपोर्ट गेला तर आधी कार्ड ॲपमधून बंद करा, मग पोलिसांत तक्रार नोंदवून तिची लेखी प्रत घ्या. ती प्रत असल्याशिवाय विमा कंपनी दाद देत नाही, आणि पासपोर्टच्या बदली कागदांसाठी प्रागमधल्या भारतीय दूतावासात जाल तेव्हाही ती लागेल. पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो आणि व्हिसाच्या पानाचा फोटो ईमेलमध्ये ठेवलेले असतील तर तिथलं काम सोपं होतं.